हाडांच्या मगजातल्या मास्ट पेशी: खाज, तंतू आणि रक्ताचे कर्करोग

अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, खाजवून खाजवून जीव नकोसा होतो. आपण सिट्रिझिनची गोळी घेतो आणि विसरून जातो. बहुतेक वेळा तेवढंच पुरेसं असतं. पण त्या गांधी उठवणारी जी पेशी आहे, मास्ट पेशी, तिचा जन्म त्वचेत होत नाही. ती हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत जन्मते. रक्ताच्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ज्या मूळ पेशींपासून तयार होतात, त्याच मूळ पेशींची ती लेक. त्यामुळे मज्जेत बिघाड झाला की मास्ट पेशीही बिघडू शकतात. कधी कर्करोग खुद्द मास्ट पेशींचाच असतो, तर कधी दुसऱ्याच पेशींच्या कर्करोगात त्या गर्दी करतात आणि मज्जेत तंतूंचं जाळं विणलं जात असताना त्या कामात सामील असल्याच्या खुणा मागे ठेवतात.

हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले तर उपचार पूर्ण बदलतात, म्हणून या विषयावर सविस्तर लिहावंसं वाटलं. या आजारांचे रुग्ण अनेकदा आधी त्वचेच्या, मग पोटाच्या, मग हाडांच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात. प्रत्येक तक्रारीवर वेगळी गोळी मिळते. सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच पेशी असू शकते, ही शंका यायला फार वेळ जातो.

ही पेशी आहे तरी कशी

मास्ट पेशीचं वर्णन पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात केलं. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. कापडाला लावायचे ॲनिलिन रंग तो शरीराच्या ऊतींवर वापरून बघत होता. काही पेशींमधले कण निळ्या रंगात बुडवले तरी जांभळे दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्या कणांमध्ये हेपरिनसारखी रसायनं ठासून भरलेली असतात आणि रंग त्यांना चिकटला की त्याची छटाच बदलते. पुढे १९०८ मध्ये एर्लिकला नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. या जांभळ्या पेशी नेमक्या येतात कुठून, हा प्रश्न मात्र जवळपास शंभर वर्षं तसाच राहिला. १९७७ मध्ये जपानच्या युकिहिको कितामुरा यांनी उंदरांमध्ये मज्जेचं रोपण करून दाखवून दिलं, की त्या मज्जेतूनच येतात.

मज्जेतून निघताना मास्ट पेशी अर्धवट वाढलेली असते. ती रक्तातून वाहत त्वचा, आतडी, फुप्फुसं अशा ठिकाणी पोचते आणि तिथे पूर्ण वाढते. म्हणूनच निरोगी माणसाच्या मज्जेत पूर्ण वाढलेल्या मास्ट पेशी अगदी विरळ सापडतात. तिच्या पोटातल्या कणांमध्ये हिस्टामिन, हेपरिन, ट्रिप्टेझ, कायमेझ अशी रसायनं तयार साठवलेली असतात. चिथावणी मिळाली की ती काही मिनिटांतच हे सगळं बाहेर टाकते. त्यातूनच गांधी, लाली, धडधड, जुलाब, आणि प्रमाण वाढलं तर रक्तदाब कोसळणं. हा झाला तिचा ताबडतोबीचा उद्योग. पण ती संथ गतीचं कामही करते. काही तासांत नवी संदेशक रसायनं बनवून ती आजूबाजूच्या पेशींना देत राहते. इंटरल्युकिन-१३, इंटरल्युकिन-६, टीजीएफ-बीटा ही त्यातली काही. जखम भरताना हे संदेश उपयोगी पडतात. ते थांबलेच नाहीत तर काय होतं, हा या लेखाचा खरा विषय आहे.

तिच्या पृष्ठभागावर ‘किट’ नावाचा एक ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणारं प्रथिन, असतो. ‘स्टेम सेल फॅक्टर’ हे प्रथिन या ग्राहीला येऊन चिकटलं की पेशीला जगण्याचा आणि वाढण्याचा हुकूम मिळतो. बहुतेक रक्तपेशी मोठ्या झाल्या की किट गमावतात. मास्ट पेशी तो आयुष्यभर बाळगते. तिची ताकद आणि तिचा धोका दोन्ही इथे आहेत.

मज्जेत तंतू साचतात म्हणजे काय

निरोगी मज्जा मऊ असते. रक्त बनवणाऱ्या पेशींना आधार म्हणून तिच्यात रेटिक्युलिन नावाचे अगदी बारीक तंतू असतात, साध्या रंगात दिसणारही नाहीत इतके नाजूक. ते बघायला चांदीच्या क्षारांचा खास रंग द्यावा लागतो. मायलोफायब्रोसिस या आजारात हे तंतू वाढतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात आणि शेवटी कोलाजेनच्या पट्ट्या तयार होतात. पॅथॉलॉजिस्ट या वाढीला शून्य ते तीन अशी श्रेणी देतात.

शेतात हरळी माजली की पिकाला जागा उरत नाही, आणि बी बांधावर, ओढ्याकाठी जिथे जमेल तिथे उगवायला लागतं. मज्जेतही असंच होतं. रक्त बनवणाऱ्या पेशी तिथून हुसकल्या जातात आणि प्लीहा, यकृत अशा ठिकाणी जाऊन रक्त बनवू पाहतात. प्लीहा फुगते, कधी बेंबीच्याही खाली उतरते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. तंतूंच्या जाळ्यातून कशाबशा निसटलेल्या लाल पेशी थेंबाच्या किंवा अश्रूच्या आकाराच्या दिसतात. रक्ताच्या साध्या स्लाइडवर अशा पेशी दिसल्या की अनुभवी माणूस थबकतो. मज्जेचं पाणी सुईने ओढायला गेलं तर सुई कोरडीच येते. थकवा, रात्रीचा घाम, वजन घटणं, हाडं दुखणं हे सगळं सोबत चालतंच. गुस्ताव हॉइक या जर्मन डॉक्टरने १८७९ मध्ये या आजाराचे पहिले रुग्ण नोंदवले.

हरळीची उपमा एका जागी मात्र लागू पडत नाही. हरळी हे वेगळं झाड आहे. मज्जेतले तंतू मज्जेच्याच निरोगी आधारपेशी विणतात. हे कळलं १९७८ मध्ये. अमेरिकेतल्या संशोधकांनी जी६पीडी या एंझाइमचे दोन वेगळे प्रकार अंगात असलेल्या रुग्णांच्या पेशी तपासल्या. रक्तपेशींमध्ये एकच प्रकार सापडला. याचा अर्थ त्या सगळ्या एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ होत्या. तंतू विणणाऱ्या पेशींमध्ये मात्र दोन्ही प्रकार होते, म्हणजे त्या पिलावळीतल्या नव्हत्या. कर्करोग रक्तपेशींचा होता, तंतू विणणारे हात निरोगी पेशींचे होते, आणि विणण्याचा हुकूम कर्करोगी पेशींकडून येत होता. २०१७ मध्ये उंदरांवरच्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी हे हात नेमके कोणाचे तेही दाखवलं. मज्जेतल्या रक्तवाहिन्यांच्या आणि हाडाच्या पृष्ठभागाच्या आसपास राहणाऱ्या, एरवी रक्तपेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशीच आपलं काम सोडून तंतू विणायला लागतात.

मग हुकूम देतं कोण? मोठा वाटा मेगाकॅरियोसाइट पेशींचा. या प्लेटलेट बनवणाऱ्या अवाढव्य पेशी. मायलोफायब्रोसिसमध्ये त्या संख्येने वाढतात, आकाराने विचित्र होतात, घोळके करून बसतात आणि टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ यांसारखी रसायनं सोडत राहतात. त्यांच्या मुळाशी असलेले जनुकीय बदल आता माहीत आहेत. २००५ मध्ये जॅक-२ जनुकातला व्ही६१७एफ हा बदल सापडला, चार गटांना जवळपास एकाच वेळी. तो मायलोफायब्रोसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत असतो. त्यानंतर २००६ मध्ये एमपीएल आणि २०१३ मध्ये कॅलरेटिक्युलिन या जनुकांमधले बदल हाती लागले. तिघांचाही परिणाम एकच: वाढीचा संदेश थांबत नाही.

मेगाकॅरियोसाइट या गोष्टीत मुख्य आहेत, हे नक्की. मास्ट पेशींकडे मात्र फार काळ कोणी नीट पाहिलंच नाही, असं मला वाटतं. एक कारण अगदी व्यावहारिक आहे. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात मज्जेतल्या मास्ट पेशी सहज ओळखू येत नाहीत. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून त्यातलं कॅल्शियम आम्लाने काढतात, त्यात त्यांचे कण फिके पडतात. तंतूंत अडकलेल्या पेशी सुईने ओढलेल्या पाण्यात येतच नाहीत. शोधायला गेल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

आजार जेव्हा मास्ट पेशींचाच असतो

या आजाराला सिस्टेमिक मास्टोसायटोसिस म्हणतात. प्रौढ रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांमध्ये किट जनुकात एकच विशिष्ट बदल असतो, डी८१६व्ही. म्हणजे प्रथिनाच्या ८१६ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. साखळीतली एक कडी बदलली, एवढंच; पण त्यामुळे किट कायमचा चालू राहतो. स्टेम सेल फॅक्टर चिकटो न चिकटो, पेशीला वाढीचा हुकूम मिळतच राहतो.

अशा पेशी मज्जेत घट्ट पुंजके करून बसतात. निदानाचा मुख्य निकष हाच आहे: एका पुंजक्यात १५ किंवा त्याहून जास्त मास्ट पेशी, आणि असे पुंजके एकापेक्षा अधिक जागी. निरोगी मास्ट पेशी गोल असते. इथे ती लांबट, दोन्ही टोकांना निमुळती झालेली दिसते. तिच्या अंगावर सीडी-२५ सारखी खूण असते, जी निरोगी मास्ट पेशीवर नसते.

आता त्या पुंजक्याभोवती चांदीचा रंग देऊन बघा. रेटिक्युलिनचं दाट जाळं नेमकं पुंजक्याच्या आत आणि भोवती असतं, बाकी मज्जा बरीचशी मोकळी. मास्ट पेशी आणि तंतू यांचं नातं इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं. त्यामागची यंत्रणाही बऱ्यापैकी कळली आहे. ट्रिप्टेझ हे एंझाइम तंतू विणणाऱ्या पेशींवरच्या पार-२ नावाच्या ग्राहीला चेतवतं, त्या पेशी वाढतात आणि जास्त कोलाजेन बनवतात. टीजीएफ-बीटा आणि इंटरल्युकिन-१३ तेच काम दुसऱ्या वाटेने करतात. हाडावरही परिणाम होतो: पुष्कळ रुग्णांची हाडं ठिसूळ होतात, काहींची उलट जाड आणि कडक. चाळिशीतल्या पुरुषाच्या मणक्याचं हाड विशेष मार न लागता मोडलं, तर कारणांच्या यादीत मास्टोसायटोसिस असायला हवा. त्या यादीत तो बहुधा नसतो.

आजाराचे प्रकार एकमेकांपासून फार दूरचे आहेत. बहुतेक रुग्णांना मंद प्रकार असतो. गांधी, पोटदुखी, चक्कर, हाडांचा ठिसूळपणा यांनी ते त्रासतात, पण आयुर्मान साधारण इतरांइतकंच असतं. आक्रमक प्रकारात मास्ट पेशी मज्जा, यकृत आणि आतडी निकामी करू लागतात. मज्जेच्या पाण्यात २० टक्के किंवा जास्त मास्ट पेशी भरल्या तर त्याला मास्ट पेशींचा ल्युकेमिया म्हणतात. तो अत्यंत दुर्मीळ आणि अत्यंत घातक. लहान मुलांमध्ये मात्र हा आजार बहुतेकदा फक्त त्वचेपुरता असतो आणि वयात येईपर्यंत पुष्कळदा आपोआप ओसरतो. बाळाच्या अंगावरचे तपकिरी डाग चोळल्यावर फुगत असतील, तर पालकांनी ल्युकेमियाच्या भीतीने झोप उडवून घेऊ नये. डॉक्टरांना दाखवावं, एवढंच.

एकाच मज्जेत दोन आजार

प्रगत मास्टोसायटोसिसच्या पुष्कळ रुग्णांना त्याच वेळी रक्ताचा दुसरा कर्करोगही असतो. त्यात सर्वांत जास्त आढळतो तो क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया. हे दोन वेगळे दुर्दैवी योगायोग आहेत असं पूर्वी वाटायचं. जनुकं तपासता यायला लागल्यावर वेगळंच चित्र समोर आलं. अनेक रुग्णांत तोच डी८१६व्ही बदल मोनोसाइट या पांढऱ्या पेशींतही मिळतो, ज्यांचा हा ल्युकेमिया असतो. त्याही आधी, टेट-२, एसआरएसएफ-२, एएसएक्सएल-१ यांसारख्या जनुकांतले बदल मूळ पेशीत झालेले असतात. आधी मूळ पेशी बिघडते, मग तिच्या एका फांदीवर किट बिघडतो. दोन्ही आजारांचं खोड एकच.

याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. मज्जेत ल्युकेमिया दिसला की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं आणि शेजारचा मास्ट पेशींचा पुंजका नजरेतून सुटतो. कधी तर ल्युकेमियावर उपचार होऊन मज्जा रिकामी झाल्यावर मागे राहिलेले मास्ट पेशींचे पुंजके पहिल्यांदा डोळ्यांत भरतात. किटमधला बदल ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारातही भेटतो, ज्यात ८ आणि २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. तिथे किट बिघडलेला असेल तर आजार परतण्याची भीती वाढते.

आजार दुसऱ्याचा, मास्ट पेशी शेजारी

मायलोफायब्रोसिसमध्ये आणि त्याच्याच घराण्यातल्या पॉलिसायथेमिया व्हेरा या, लाल पेशी फार वाढण्याच्या, आजारात मास्ट पेशी पुंजके करत नाहीत, सुट्या सुट्या विखुरलेल्या असतात. पण या रुग्णांतल्या मास्ट पेशीही जॅक-२ च्या बिघाडाच्या वारसदार असू शकतात, कारण मूळ पेशी तीच.

पॉलिसायथेमियाच्या रुग्णांची एक तक्रार विलक्षण असते: अंघोळ केली, विशेषतः गरम पाण्याने, की अंगावर पुरळ वगैरे काही न दिसता भयंकर खाज सुटते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या रुग्णांच्या मास्ट पेशी खाज सुटण्याच्या मुळाशी असल्याचं दिसलं. आपल्याकडे अंघोळीनंतरची खाज म्हणजे कोरडी त्वचा, साबण बदला, तेल लावा, असंच सांगितलं जातं, आणि शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. पण खाजेबरोबर हिमोग्लोबिन वाढलेलं असेल, चेहरा लालबुंद राहत असेल, डाव्या बरगडीखाली जड वाटत असेल, तर साबणात कारण शोधत बसू नये. रक्ताची साधी मोजणी आणि जॅक-२ ची तपासणी करून घ्यावी.

तंतूंच्या बाबतीत महत्त्वाचा धागा २०२२ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात आला. मायलोफायब्रोसिस असलेल्या उंदरांच्या मज्जेत इंटरल्युकिन-१३ फार वाढलेलं सापडलं. या रसायनाने बिघडलेल्या मेगाकॅरियोसाइट आणखी फोफावल्या, त्यांच्या अंगावर टीजीएफ-बीटा वाढलं आणि कोलाजेन बनवण्याचं काम वेगात सुरू झालं. रसायन मुद्दाम वाढवलं तर आजार पुढे सरकला. त्याचा आणि इंटरल्युकिन-४ चा संदेश कमी केला तर तंतूही कमी झाले. रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेलं होतं. आणि उंदरांच्या मज्जेत इंटरल्युकिन-१३ बनवणाऱ्या ज्या पेशी वाढलेल्या दिसल्या, त्या होत्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि मास्ट पेशी.

म्हणजे साखळी अशी जुळते: मास्ट पेशी इंटरल्युकिन-१३ देते, त्याने मेगाकॅरियोसाइट चेकाळते, ती आधारपेशींना हुकूम देते, आणि आधारपेशी तंतू विणतात. साखळीची प्रत्येक कडी सारखीच मजबूत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. इंटरल्युकिन-१३ आणि तंतू यांचा संबंध उंदरांत प्रयोगाने तपासला गेला. मास्ट पेशींची वाढ मात्र मोजून दिसली आहे, आणि बाजूला दिसणं म्हणजे कारण असणं नव्हे. मायलोफायब्रोसिसच्या माणसांना मास्ट पेशी दाबणारी औषधं देऊन तंतू विरघळवणं हा आजचा मान्य उपचार नाही. ‘अँटिहिस्टामिनने कर्करोग बरा’ अशा मजकुराचे मेसेज फिरायला वेळ लागत नाही, म्हणून हे ठासून सांगितलं.

लिम्फोमांत, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगांतही, ही शेजारीण भेटते. वाल्डनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया या संथ लिम्फोमात, ज्याचं वर्णन स्वीडनच्या यान वाल्डनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये केलं, कर्करोगी पेशींच्या घोळक्याभोवती मास्ट पेशी हमखास दिसतात. त्या सीडी-४० लिगँड नावाचं प्रथिन दाखवून या कर्करोगी पेशींना, म्हणजे बी पेशींना, वाढायला मदत करतात. हॉजकिन लिम्फोमात गाठीमध्ये जाड तंतूंच्या पट्ट्या असलेला एक प्रकार असतो, आणि मास्ट पेशींची गर्दी त्या प्रकारात जास्त दिसते.

एक गोळी आणि विरघळलेले तंतू

सगळ्यात बोलकं उदाहरण यापेक्षा वेगळं आहे आणि भारतातल्या वाचकांनी ते आवर्जून लक्षात ठेवावं. काही रुग्णांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात, हृदयाला इजा होते, मज्जेत तंतू साचतात, लांबट मास्ट पेशी विखुरलेल्या दिसतात, रक्तात ट्रिप्टेझ वाढलेलं असतं. सगळं वर्णन मास्टोसायटोसिसचं वाटतं. पण किट तपासला तर तो निर्दोष निघतो. २००३ मध्ये खरा दोष सापडला: चौथ्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळून पडतो आणि फिप-१-एल-१ व पीडीजीएफआर-अल्फा ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात. तुकडा इतका लहान असतो, की गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. फिश नावाची खास चाचणी मागवावी लागते.

या जोडजनुकावर इमॅटिनिब हे कर्करोगावरचं औषध अचूक लागू पडतं, तेही कमी मात्रेत; दिवसाला १०० मिलिग्रॅम बहुतेकांना पुरतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांच्या मज्जेतले तंतू उपचारांनंतर विरघळल्याचं दिसलं. तंतू एकदा पडले की कायमचे, ही समजूत यातून मोडली. हुकूम देणाऱ्या पेशी गेल्या की विणणारे हात थांबतात, आणि शरीर जुने तंतू साफ करू शकतं. दात्याकडून मज्जारोपण यशस्वी झालेल्या मायलोफायब्रोसिसच्या रुग्णांतही काही महिन्यांत तंतू ओसरतात, तेही याच कारणाने.

इमॅटिनिब आपल्याकडे स्वस्तात मिळतं. ग्लिव्हेकच्या, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडच्या, पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. सामान्य घराला परवडणारी गोळी हाताशी असताना केवळ एक चाचणी मागवली गेली नाही म्हणून रुग्णाचं हृदय निकामी व्हावं, हे मला सहन होत नाही. उलट चूकही तितकीच महागात पडते: डी८१६व्ही असलेल्या मास्टोसायटोसिसवर हेच इमॅटिनिब चालत नाही, कारण त्या बदलामुळे किटचा आकारच असा होतो की औषधाला तिथे बसता येत नाही. दोन्ही आजारांत तंतू आहेत, मास्ट पेशी आहेत, ट्रिप्टेझ वाढलेलं आहे. पण एकाला गोळी लागू आहे आणि दुसऱ्याला नाही.

तपासणीच्या टेबलावर

मज्जेची बायोप्सी कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून घेतात. दोन गोष्टी घेतात: सुईने ओढलेलं मज्जेचं पाणी आणि हाडाचा सुमारे दीड-दोन सेंटिमीटरचा बारीक दांडका. तंतू आणि मास्ट पेशींचे पुंजके या दांडक्यातच दिसतात, म्हणून फक्त पाण्यावर भागवू नये. दांडक्यावर रेटिक्युलिनचा रंग, आणि शंका असल्यास ट्रिप्टेझ, सीडी-११७ (म्हणजे किटच) व सीडी-२५ यांचे रंग मागवावे लागतात.

रक्तातलं ट्रिप्टेझ ही साधी चाचणी आहे. दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर कायम राहिलेला आकडा मास्टोसायटोसिसच्या निकषांपैकी एक धरतात. मात्र काही कुटुंबांत ट्रिप्टेझच्या जनुकाच्या जादा प्रती वारशाने येतात आणि कर्करोग नसतानाही आकडा वाढलेला असतो, तेव्हा एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नसतो. डी८१६व्ही शोधायला जास्त संवेदनशील पीसीआर ही जनुकीय चाचणी लागते. मंद आजारात बदललेल्या पेशी इतक्या थोड्या असतात, की जनुकांचं नेहमीचं पॅनेल ‘काही नाही’ असा अहवाल देऊ शकतं.

औषधं, आणि रोजची सावधगिरी

मायलोफायब्रोसिससाठी रुक्सोलिटिनिब या जॅक दाबणाऱ्या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०११ मध्ये मान्यता मिळाली. प्लीहा लहान होते, घाम आणि खाज कमी होते, माणूस जेवायला लागतो. तंतू मात्र ते खात्रीने घालवत नाही. मास्टोसायटोसिसच्या प्रगत प्रकारांसाठी २०१७ मध्ये मिडोस्टॉरिन आणि २०२१ मध्ये ॲव्हाप्रिटिनिब आलं. दुसरं औषध नेमकं डी८१६व्ही असलेल्या किटवरच बसतं, आणि २०२३ पासून मंद प्रकारासाठीही ते मान्य आहे. किंमत बघून पोटात गोळा येतो. मंद आजाराच्या बहुतेक रुग्णांचं रोजचं आयुष्य मात्र अजूनही अँटिहिस्टामिन, पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट यांवर चालतं.

आणि सावधगिरीवर. मास्टोसायटोसिसच्या रुग्णाला मधमाशी किंवा गांधीलमाशीचा एक दंश जीवघेणा ठरू शकतो. दंशानंतर गांधी न उठता थेट शुद्ध हरपली असेल, तर ट्रिप्टेझ तपासून घ्यायलाच हवं. सह्याद्रीतल्या गडांवर आग्या मोहोळं असतात, हे ट्रेकला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको; अशा रुग्णाने अ‍ॅड्रेनॅलिन जवळ ठेवावं आणि सोबतच्यांना ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं हे आधीच शिकवावं. परदेशात त्यासाठी तयार पेन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, त्यामुळे अँपूल, सिरिंज आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा एका डबीत ठेवावी. ॲस्पिरिन, काही वेदनाशामकं, मॉर्फिनच्या जातीची औषधं, सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट, दारू, अचानक तापमान बदलणं यांनीही काहींच्या मास्ट पेशी चिथावतात. प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून आपल्याला काय बाधतं त्याची वही ठेवावी. कुठलीही शस्त्रक्रिया असो, दात काढायचा असो की प्रसूती, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आणि शेवटचं ट्रिप्टेझ आधी कळवावं. त्यांना औषधं निवडायला आणि आधीपासून अँटिहिस्टामिन देऊन ठेवायला तेवढा वेळ मिळतो.